पांढऱ्या चादरीचा थांबा

लिस्बनहून येणाऱ्या माणसांना दगड फार आवडतात, हे एर्मेलिंदाने एव्हाना पुरतं ओळखलं होतं. रोमन लोकांनी बांधलेला पूल दाखवा, त्यांचा जीव हरखतो. किल्ल्याची पडकी भिंत दाखवा, तिला तळहात लावून डोळे मिटतात. गावाबाहेरच्या ओकच्या रानात उभ्या दगडांवर एक आडवा दगड ठेवलेला आहे. कोणे एके काळी कुणीतरी कुणालातरी तिथे पुरलं, एवढंच त्याचं माहात्म्य. तिथे तर हे लोक चीज आणि वाइन घेऊन जातात. थडग्याला टेकून खायचं, प्यायचं आणि परत आल्यावर सांगायचं की फार शांत वाटलं. या पेन्यासेर्रा गावात जिवंत माणसंही राहतात, ती सकाळी उठतात, त्यांचे गुडघे धरतात, हे सहसा त्यांच्या ध्यानात येत नाही. आलंच तर फोटो काढतात.

या खेपेचं जोडपं उतरलं होतं खालच्या घरात, म्हणजे एर्मेलिंदाच्या नणंदेकडे. अल्बेर्तिना विधवा झाल्यापासून स्वतः मागच्या स्वयंपाकघरात झोपायची आणि पुढच्या खोल्या पाहुण्यांना द्यायची. पाहुण्याचं नाव बेर्नार्दो. घरांचे नकाशे काढायचा म्हणे. अंगातला सदरा चुरगळलेला. इस्त्री मिळाली नाही म्हणून नव्हे, करायचीच नाही असं ठरवून चुरगळलेला. बायकोचं नाव कॉन्स्तान्सा. ती इतकं हळू बोलायची की शेजारी कुणीतरी आजारी झोपलंय असं वाटावं. आल्या दिवशीच ती एर्मेलिंदाच्या दारावरून हात फिरवत उभी राहिली.

"हा निळा रंग! कुठल्या काळातला असेल?"

"सासऱ्यांनी लावला," एर्मेलिंदा म्हणाली. "गोठ्याचा उरला होता."

तेवढ्यात बेर्नार्दो आला. कमरेवर हात ठेवून त्याने वरपासून खालपर्यंत सगळी आळी पाहिली, जणू ती विकत घ्यायची होती आणि भाव जरा जास्त वाटत होता.

"मावशी, तुम्ही कसल्या जागेत राहता याची तुम्हाला कल्पना आहे का?"

"ओल धरणाऱ्या," एर्मेलिंदा म्हणाली आणि आत गेली.

तिचा आवाज मुळातच मऊ. कुणावर ओरडल्याचं गावात कुणाला आठवत नाही. पण मऊ आवाजाची माणसं मनातून कुणाला काय म्हणतात, ते विचारायला कोण जातंय? रोज पहाटे ती माळ जपायची, बुधवारी मांस नाही, शुक्रवारी गोड नाही, आणि या सगळ्या नेमाच्या मध्ये जी जागा उरे तिथे लिस्बनच्या माणसांबद्दलचे विचार नीट घडी घालून ठेवलेले असत.

एरवी तिने या दोघांकडे ढुंकून पाहिलं नसतं. पण तो आठवडा साधा नव्हता. रविवारी आरोग्यमातेचा सण होता, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात अदेलिनोचं, तिच्या नवऱ्याचं, कोइंब्राला काळजाचं ऑपरेशन होतं. काळजाची एक झडप बिघडली होती. दार वाऱ्याने आपटावं तशी ती आपटते, असं डॉक्टर म्हणाला होता. एर्मेलिंदाने नवस बोलून टाकला होता. सणाच्या दिवशी पहाटेच्या घंटेपासून माता चर्चमध्ये परत जाईपर्यंत ती तोंडातून एक शब्द काढणार नव्हती. आणि अदेलिनो मातेच्या पालखीखालून जाणार होता. दोन्ही मिळून एक नवस. अर्धा फेडला तर फेडलाच नाही.

पहिला भाग सोपा होता. दुसऱ्या भागाला मिश्या होत्या आणि तो जन्मभर खाणीत दगड फोडून, युनियनचं लाल कार्ड खिशात घालून फिरला होता.

"मी? पार्टीचा माणूस? लाकडी बाईच्या खालून सरपटत जाऊ?" अदेलिनो म्हणाला होता. "वरून कॉम्रेड काय म्हणतील?"

"वर कॉम्रेड नसतात," एर्मेलिंदा म्हणाली.

"आणि तू काय करणार?"

"दिवसभर गप्प राहणार."

अदेलिनोने मिशीवरून हात फिरवला. "सबंध दिवस?"

"सबंध."

"मग लाकडाखालूनच काय, गाढवाखालूनही जाईन."

तो हसला, पण नंतर बराच वेळ छातीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत बसला. तो घाबरलाय हे तिला कळत होतं, आणि तिला कळतंय हे त्याला.

पेन्यासेर्रात सणाच्या दिवशी प्रत्येक खिडकीतून रंगीत रेशमी पलंगपोस सोडतात. आजीचे, पणजीचे, लग्नात आलेले. पांढरी चादर सोडतं ते फक्त ज्या घरात दुखणाईत आहे ते घर. ती दिसली की खांदेकरी थांबतात, पालखी बेचक्याच्या काठ्यांवर टेकवतात, फादर हाक मारतात आणि आजारी माणूस मातेच्या खालून जातो. म्हणून त्या रविवारी गावात कुणी साधा पांढरा रुमालसुद्धा वाळत घालत नाही. ज्यांचे पडदे पांढरे, ते पडदे गुंडाळून बांधून ठेवतात. तान्ह्या मुलांची दुपटी घरात, चुलीपाशी वाळतात.

एर्मेलिंदाचं घर होतं त्या चढाच्या आळीत मात्र एकच थांबा. चढ असा, की एकदा टेकवलेली पालखी उचलताना खांदेकऱ्यांच्या माना ताठतात. दुसऱ्यांदा टेकवायची कुणाची छाती नाही. फार पूर्वी एकदा टेकवली होती, त्यात एकाचा पाय गेला. तेव्हापासून खालून येताना जी पहिली पांढरी चादर दिसेल तिथे थांबायचं, आणि मग थेट वर चर्चपर्यंत. आळीत दोन आजारी असले तर घरची माणसं आधीच झाकारियासच्या बेकरीत बसून ठरवतात. या वर्षी म्हाताऱ्या फेलिस्मिनालाही थांबा हवा होता. पण तिने स्वतःच माघार घेतली.

"माझे गुडघे पुढच्या वर्षीही दुखतीलच, एर्मेलिंदा," ती भर बेकरीत म्हणाली. "तुझा नवरा असेल की नसेल कोण जाणे. घे, तूच घे."

इतक्या प्रेमाने हे कुणी बोललं की डोळ्यांत पाणी यावं की अंगावर काटा, हेच समजत नाही.

शनिवारी संध्याकाळी अल्बेर्तिनाने आपला गर्द लाल पलंगपोस पाहुण्यांच्या खिडकीतून सोडला आणि त्यांना बजावलं, "याला हात लावायचा नाही हं. उद्या सण आहे." दोघांनी मान डोलावली. लिस्बनची माणसं मान फार छान डोलावतात.

रविवारी पहाटेची घंटा झाली आणि एर्मेलिंदाच्या तोंडाला कुलूप लागलं. अदेलिनोने त्या संधीचं सोनं केलं. जन्मभर ज्याला मीठ कुठे असतं ते ठाऊक नव्हतं, तो आज मिठापासून सुरुवात करून सगळं घर विचारत बसला.

"एर्मेलिंदा, माझा काळा कोट कुठाय? कुठाय म्हणालीस? ऐकू नाही आलं. बरं, मला सांग, आपलं लग्न कुठल्या साली झालं? नाही? नाही झालं? मग ही बाई कोण माझ्या घरात?"

तिने त्याची दाढी करताना वस्तरा जरा जास्तच वेळ गळ्यापाशी ठेवला. तेवढं उत्तर पुरेसं होतं. मग पांढरा सदरा, काळा कोट, आणि त्याला दाराशी खुर्चीवर बसवून तिने वरच्या खिडकीतून स्वतःच्या हाताने विणलेली लिननची चादर सोडली. कोपरे सारखे केले. चादर दिसत होती की नाही ते बघायला ती आळीच्या वळणापर्यंत उतरली, तिथून वळून पाहिलं, समाधान झालं. मग सहज म्हणून खाली पाहिलं.

अल्बेर्तिनाच्या खिडकीत लाल काही नव्हतं. तिथे चादर लोंबत होती. पांढरी. ओली. मध्यभागी वाइनचा फिकट गुलाबी डाग घेऊन, खाली टपटप गळत.

पाहुण्यांची गाडी दाराशी उभी होती. एर्मेलिंदाने काचेतून आत पाहिलं. मागच्या सीटवर लाल पलंगपोस बोळा होऊन पडला होता, गवताच्या काड्या चिकटलेल्या, एका कोपऱ्यात चीजचा तुकडा दाबला गेलेला. अल्बेर्तिनाच्या सासूच्या हातचं रेशीम त्यांनी रानातल्या त्या थडग्यापाशी अंथरून वर बसून जेवण केलं होतं.

खाली चौकात बँड सुरू झाला होता. एर्मेलिंदाने दार ठोठावलं.

बेर्नार्दो अनवाणी आला. "अरे वा, मावशी! या, या!"

तिने वर बोट दाखवलं. मग आपल्या एप्रनचं टोक धरून वर ओढून दाखवलं. मग खाली रस्त्याकडे, मग पुन्हा वर. लिहून दाखवता आलं असतं. पण लिहिणं म्हणजेही बोलणंच, असं फादर बाझिलियोंनी तिला सांगून ठेवलं होतं. हातवाऱ्यांबद्दल विचारायचं राहिलं होतं, तेवढीच पळवाट.

"कॉन्स्तान्सा, लवकर ये! मावशी आल्यात. काहीतरी दाखवतायत, पण बोलत नाहीत."

कॉन्स्तान्सा जिन्यावरून उतरली. एर्मेलिंदाच्या मिटलेल्या ओठांकडे पाहून तिचा चेहरा एकदम कोवळा झाला.

"बेर्नार्दो, त्यांना बोलायला लावू नकोस. मौन असणार. नवस. मी वाचलंय याबद्दल." तिने हात छातीशी धरले. "मावशी, तुम्ही एक शब्दही बोलू नका हं. आम्ही समजतो."

समजतात! एर्मेलिंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवढं समजायला नको होतं तेवढंच नेमकं समजलं होतं. ती त्यांना बाजूला सारून जिन्याकडे वळली. बेर्नार्दोने हसत हसत वाट अडवली.

"वर पसारा आहे मावशी, नका जाऊ. रात्री बिछान्यात बाटली कलंडली. हिने बिचारीने सकाळी चादर धुतली."

"मला काय वाटतं," कॉन्स्तान्सा हळूच म्हणाली, "त्या आपल्याला मिरवणूक बघायला बोलवायला आल्यात. खिडकीतून बघा, असं सांगतायत. बघ ना, वर दाखवतायत."

"किती गोड!" बेर्नार्दो म्हणाला आणि त्याने एर्मेलिंदाचं कोपर धरून तिला हळुवार दाराबाहेर आणून सोडलं, दुधाचं भांडं ओट्यावर ठेवावं तसं. "आलोच आम्ही. फक्त बूट घालतो."

दार बंद झालं. ते कोपर एर्मेलिंदाने एप्रनला पुसलं.

चादर उंचावर होती, हात पोचत नव्हता. अल्बेर्तिना मिरवणुकीत, बायकांच्या संघाचा झेंडा धरून. झेंडा धरणारीने रांग सोडायची नसते. आळीतले बाकी सगळे खाली चौकात. एर्मेलिंदा तशीच चढावरून घराकडे पळाली. या वयात, या गुडघ्यांनी पळाली.

अदेलिनो खुर्चीत बसून ऑलिव्ह खात होता. वळणामुळे तिथून खालचं काही दिसत नव्हतं. तिने त्याचे खांदे धरून हलवले, खाली बोट दाखवलं, चादर दाखवली, मान जोरजोरात हलवली.

"काय? चोर? आग लागली?" अदेलिनोने बी थुंकली. "अल्बेर्तिना मेली? नाही? मग एवढी घाई कशाला?"

तिने आपली चादर धरली, मग खाली बोट केलं, मग डोळे विस्फारून ओठ पुढे काढले आणि घरांकडे भक्तिभावाने बघत उभी राहिली. हे लिस्बनच्या माणसाचं सोंग होतं, आणि ते उत्तम साधलं होतं.

"गाय," अदेलिनो म्हणाला. "गाय आजारी आहे."

तेवढ्यात खाली हातघंटा वाजली. थांब्याची घंटा. एर्मेलिंदाचे हात खाली आले. ती वळणापर्यंत गेली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

पालखी बेर्नार्दोच्या दारासमोर टेकली होती. सगळी आळी गुडघ्यांवर. कोणाच्याही मनात शंका नव्हती. या दिवशी पांढरं कापड नुसतं वाळत असू शकतं, ही गोष्ट पेन्यासेर्रात जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. झेंडा धरून उभी असलेली अल्बेर्तिना, जिच्या घरात ही माणसं चार दिवस राहत होती, तीसुद्धा डोळे पुसत शेजारणीला म्हणत होती, "म्हणूनच ती पोरगी इतकं हळू बोलत होती गं! आणि मला मेलीला वाटलं, शिष्ट आहे."

"या घरातलं आजारी माणूस बाहेर येऊ दे," फादर बाझिलियो म्हणाले. आता त्यांना नीट ऐकू येत नसे, त्यामुळे ते कुणाच्या उत्तराची वाट पाहत नसत.

दार उघडलं. बेर्नार्दो बुटांच्या नाड्या तशाच सोडून बाहेर आला आणि समोर गुडघे टेकलेलं गाव पाहून जागीच थबकला. मग त्याचा चेहरा फुलला. गावाने आपलं स्वागत केलं आहे, याबद्दल त्याला काडीची शंका नव्हती. आपल्यासारख्या माणसाचं कुणी ना कुणी, कधी ना कधी, असं स्वागत करणारच, हे त्याला बहुधा लहानपणापासून माहीत असावं.

खांदेकऱ्यांचा मुख्य झाकारियास, बेकरीवाला, घामाने निथळत पुढे झाला. "या साहेब, लाजू नका. इथे सगळ्यांना कधी ना कधी वाकावं लागतं. असे खालून जा. सावकाश."

"मी? मला परवानगी आहे?"

"तुमच्यासाठीच तर थांबलोय."

बेर्नार्दोने छातीवर हात ठेवून सगळ्यांना अभिवादन केलं आणि वाकून मातेच्या खालून गेला. जाताना वरच्या लाकडी जोडकामाकडेही त्याने निरखून पाहिलं. दारात उभी कॉन्स्तान्सा मोबाइलवर सगळं टिपत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. तिला ते सगळं फार सुंदर वाटत होतं. फेलिस्मिनाने गुडघ्यांची पर्वा न करता उठून तिला कवेत घेतलं.

"रड बाई, रड. मोकळी हो. इतका तरुण! पण मातेला काय अशक्य आहे? मी त्याच्यासाठी मेणबत्ती लावीन."

"किती चांगली माणसं आहात तुम्ही," कॉन्स्तान्सा हुंदका देत म्हणाली.

एर्मेलिंदा भिंतीला धरून हे पाहत होती. दिवसभर तोंड बंद ठेवल्याने शब्द आत साठत गेले होते, आणि असे काही शब्द, जे आपल्याला येतात हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. एक हाक मारली असती तर सगळं मिटलं असतं. "ते धुणं आहे!" एवढे दोन-तीन शब्द. झाकारियास थबकला असता, फादरना कुणीतरी कानात सांगितलं असतं, थांबा मोडला असता. पण तोंड उघडलं की नवस गेला. नाही उघडलं तर थांबा गेला. मातेने तिला अशा कात्रीत धरलं होतं आणि तेही एका वाइनच्या बाटलीच्या निमित्ताने. ओठ घट्ट मिटून ती मातेच्या लाकडी चेहऱ्याकडे बघत राहिली. त्या क्षणी तिच्या नजरेत भक्ती होती असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

झाकारियासने आरोळी दिली. पालखी उचलली गेली आणि चढ चढू लागली.

पालखी वळणाला आली तेव्हा बँडवाल्यांच्या पाठीमागून झाकारियासची नजर अदेलिनोच्या चादरीवर पडली. खुर्चीतला अदेलिनो दिसला, काळ्या कोटात. झाकारियासच्या तोंडाचा आ झाला.

"अदेलिनो! अरे, पण खाली तर..." खांद्यावर पालखी, पायाखाली चढ. "आता नाही रे थांबता येणार! तुलाच माहीत आहे!"

अदेलिनो खुर्चीतून उठून वळणापर्यंत आला आणि त्याने खाली पाहिलं. दूरवर, लाल पलंगपोस असायला हवा होता तिथे, पांढरी चादर वाऱ्यावर हलत होती, गुलाबी डागासकट. मग त्याने भिंतीला टेकलेल्या बायकोचा चेहरा पाहिला. चोर नाही, आग नाही, गाय नाही. सगळं त्याला एका क्षणात कळलं.

"अरे मूर्खांनो!" तो ओरडला. बँड थांबला. "ते धुणं आहे! लिस्बनचं धुणं! अंथरुणात दारू सांडली त्यांनी, आणि तुम्ही सगळे गुडघ्यांवर! चाळीस वर्षं मी सांगतोय या गावात अक्कल नाही म्हणून, कुणी ऐकेल तर शपथ!"

"अदेलिनो, दम लागेल तुला," झाकारियास म्हणाला. "खरंच नाही थांबता येत."

"थांबू नका. कुणी थांबा म्हटलंय?" अदेलिनो पुढे झाला. "चालता चालता जातो. तिने दिवसभर तोंड शिवून ठेवलंय ते काय तुमच्या बँडसाठी?"

आणि कुणी अडवायच्या आत तो वाकला आणि चालत्या पालखीखाली शिरला.

आळीने श्वास रोखला. खांदेकऱ्यांना पाय टाकायला जागा राहिली नाही. खाली अदेलिनो वाकून, एक हात जमिनीला लावत, चढावर पावलं टाकत होता, आणि त्याच्या पाठीला पालखीची फळी घासत होती. पुढून बाहेर पडायला त्याला त्यांच्याहून वेगाने चालायला हवं होतं. आणि ते त्याला जमेना. एर्मेलिंदाला त्याचा चेहरा दिसला. ओठ निळे पडत होते. तरी तो हसायचा प्रयत्न करत होता, गाढव!

तिच्या घशाशी हाक आली. अगदी दातांपर्यंत आली. बस करा, थांबा, मरेल तो. तिने दात आवळले, पुढे झाली, आणि झाकारियासच्या हातातली बेचक्याची काठी हिसकून घेऊन सगळ्या अंगानिशी पालखीच्या दांड्याखाली रोवली.

दांडा काठीवर आदळला. काठी करकरली, दगडावरून तसूभर घसरली आणि फटीत अडकली. वर मातेचा मुकुट हलला. फुलांचा एक गुच्छ सुटून फादर बाझिलियोंच्या डोक्यावर पडला.

"काठ्या!" झाकारियास किंचाळला. "टेकवा! टेकवा रे, देवाच्या नावाने!"

बाकीच्या काठ्या लागल्या. कुणाचा पाय गेला नाही. चढाच्या आळीत पालखी दुसऱ्यांदा टेकली.

अदेलिनो पुढून बाहेर आला, आपल्याच उंबऱ्यावर बसला आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. एर्मेलिंदा त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या कोटाची बटणं सोडली, पाणी पाजलं. हळूहळू ओठांना रंग आला.

"तुझी बाई जड आहे हां," तो म्हणाला. "खालून समजतं."

झाकारियास मान चोळत उभा होता. "फादर, हा थांबा धरायचा का? चालता चालता शिरला तो. असं कधी झालं नाही."

फादर बाझिलियोंनी डोक्यावरची फुलं काढून पाहिली. "काय म्हणतोस?"

"थांबा! धरायचा का?"

"खालून गेला ना? पालखी टेकली ना? मग आणखी काय पाहिजे तुला, शिक्का? उचला आता. मला भूक लागली आहे."

पालखी उचलताना खांदेकऱ्यांनी जे शब्द काढले ते मातेने ऐकले नसतील अशी आशा आहे.

माता चर्चमध्ये परत गेली, आणि संध्याकाळी उजेड असतानाच चौकात फटाके उडाले. नवस संपला. एर्मेलिंदा उंबऱ्यावर बसून सुपासाठी कोबीची पानं बारीक चिरत होती. बोलायला मोकळी होती. दिवसभर मनात घडवलेली, घासूनपुसून धार लावलेली वाक्यं तयार होती. फक्त ज्यांच्यासाठी होती ती माणसं समोर यायची होती.

आली. म्हणजे एकटा बेर्नार्दोच आला. सदरा चुरगळलेला होता, पण आता तो ठरवून चुरगळल्यासारखा वाटत नव्हता. अदेलिनोचं ओरडणं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. तेव्हा तो बँडच्या मागे, खाली आळीतल्या बायकांच्या गराड्यात होता. बायकांनी त्याला मटणाचं सूप पाजलं होतं, मधाची बाटली दिली होती. एकीने कपाळावरून हात फिरवून "किती सोसतोय लेकरू" म्हटलं होतं. फेलिस्मिनाने मयत नवऱ्याची गरम बंडी आणून त्याच्या हातात ठेवली होती. आणि वरची बातमी खाली उतरायला नेहमीच वेळ लागतो, तशी खरी गोष्ट अजून तिथवर उतरली नव्हती.

"मावशी," तो म्हणाला. आवाज त्याच्या बायकोसारखा हळू झाला होता. "एक विचारू? तो थांबा आजारी माणसांसाठी असतो, असं आत्ता कुणीतरी सांगितलं. सगळ्यांना वाटतंय मी आजारी आहे. सगळ्यांना. त्या म्हाताऱ्या आजी तर माझ्याकडे बघून रडल्या." त्याने हातातल्या बंडीकडे पाहिलं. "दुपारी तुम्ही दाराशी आलात. इतक्या घाईने काहीतरी सांगत होतात. तुम्हाला... माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं होतं का?"

एर्मेलिंदाने कोबीचं पान खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. छान गुटगुटीत चेहरा होता; गाल लाल, डोळे टपोरे, जन्मात कधी काही झालं नसेल असा. एका वाक्यात त्याची सुटका करता आली असती. दिवसभर घडवलेल्या वाक्यांपैकी एकही त्यासाठी उपयोगाचं नव्हतं, पण नवीन करायला कितीसा वेळ लागतो?

आत अदेलिनो पलंगावर पडून कान देऊन ऐकत होता.

"कोइंब्राला चांगले डॉक्टर आहेत," एर्मेलिंदा आपल्या मऊ आवाजात म्हणाली. "लिस्बनला आहेत की नाही, मला माहीत नाही."

बेर्नार्दो बंडी छातीशी धरून उतारावरून खाली गेला, भिंतीच्या आधाराने, एकाही दगडाकडे न बघता.

"एर्मेलिंदा!" आतून अदेलिनोचा आवाज आला. तो हसत होता आणि हसताना त्याला दम लागत होता. "सबंध दिवस मौन, आणि पहिलं वाक्य हे?"

"हसू नका. डॉक्टरने हसायला मनाई केली आहे."

"आणि हे तू कबुलीजबाबात फादरला सांगणार?"

"शनिवारी सांगेन," ती म्हणाली आणि कोबी घेऊन आत आली. पश्चात्ताप शनिवारपर्यंत येईलच. नाही आला, तर तेही सांगावं लागेल. तिने सूप चुलीवर चढवलं आणि त्यात अदेलिनोसाठी मीठ घातलं नाही.